खिडकीची उंची

करातन, करकेना बेटं
३ नोव्हेंबर

लस्साद,

सलाम. तुझा नांतचा पत्ता शेजारच्या जलीलाकडून घेतला. तिच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका तिनं तुला पाठवली होती, तेव्हाचा कागद तिच्या डब्यात राहिला होता. मी पत्ता मागितला तर तिनं काही विचारलं नाही, फक्त माझ्या चहात बदाम जरा जास्त टाकले. आजारी माणसाला टाकतात तसे.

काम आहे म्हणून लिहिते आहे, आणि कामाचंच लिहीन.

खिडकी बंद पडली आहे. गेल्या गुरुवारपासून. बेटाच्या इंटरनेटवरच्या पानावर, मयत-लग्नाच्या बातम्यांच्या वर, जिथं तुझा वारा दिसायचा तिथं आता पांढरा चौकोन दिसतो. नगरपालिकेनं पान नव्या जागी हलवलं, त्यासाठी स्फॅक्सहून एक इंजिनिअर आला होता. त्याला चौकोन दाखवला तर म्हणाला, "बाई, तुमच्या पानाला आता कुलूप आहे. कुलूपवालं पान बिनकुलपाच्या पानाला पोटात घेत नाही."

"मग त्या पानालाही लावा कुलूप."

"ते पान तुमचं आहे का?"

"नाही."

"मग ज्याचं आहे त्याला सांगा. मी दुसऱ्याच्या दाराला कुलूप कसं लावू?" एवढं बोलून तो दुपारच्या बोटीनं गेलासुद्धा. आमचं जेवण त्याला चाललं नाही.

तीस वर्षं गणित शिकवलं आहे, एवढं मलाही कळतं. माझ्या पानात तुझी एकच ओळ आहे: अमुक पत्त्यावर जा, तिथं जे असेल ते आण आणि या चौकटीत दाखव. आठ वर्षं ती बिचारी ओळ दिवसरात्र नांतला हेलपाटे घालत होती. वारा आपल्याच गच्चीवरचा, आणि आणायचा फ्रान्समधून. उंटावरून शेळ्या हाकणं यापेक्षा वेगळं काय असतं, पण हाकल्या गेल्या हे खरं. गच्चीवरची वारा मोजायची तुझी फिरकी नीट फिरते आहे, मी वर जाऊन पाहिलं.

ऑक्टोपसचा मोसम सुरू झाला आहे. होड्या पहाटे निघतात. खिडकी नाही म्हटल्यावर माणसं माझ्या दाराशी येतात. अम शाबान रोज येतो. तोच तो, आपल्या बाबांच्या शेजारी ज्याची होडी असायची. सत्तरी ओलांडली आहे, तरी ऑक्टोपस धरायची मातीची मडकी अजून स्वतःच पाण्यात सोडतो. दारात उभा राहतो आणि विचारतो, "बाई, आज काय?"

मी तोंडानं वारा सांगत नाही. तुला हे माहीत आहे की नाही कोण जाणे, गावाला माहीत आहे. आठ वर्षांत मी कुणाला सांगितलेला नाही. त्यालाही म्हटलं, खिडकी बंद आहे, मला विचारू नका. तो तरीही थोडा वेळ उभा राहतो आणि मग नाक वर करून वारा हुंगत निघून जातो. काल कमरेपर्यंत भिजून आला आणि दिवसभर खोकत होता.

तेव्हा तुझ्या पानाला कुलूप लाव. एवढंच.

मबारका

ता. क. उत्तराची गरज नाही.


करातन
२१ नोव्हेंबर

लस्साद,

खिडकी सुरू झाली. चौदा तारखेला सकाळी मी चहा ठेवून यंत्र उघडलं तर वारा परत जागेवर बसलेला. वर मोठ्या आकड्यांत वेळ, खाली दिशा, खाली वेग. पत्र तुला पोचलं त्याच दिवशी तू काम केलंस म्हणायचं.

आभार.

उत्तराची गरज नाही असं मी लिहिलं होतं खरं. पण माणसानं नको म्हटलं आणि दुसऱ्यानं खरंच दिलं नाही, अशी पद्धत आपल्या घरात कधी नव्हती. पाहुणा तीनदा नको म्हणाला तरी आई ताटात चौथी वाढ वाढायची. तू शेवटी कुलूप तेवढं लावलंस आणि एक शब्द लिहिला नाहीस. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मला बोलायला तोंड नाही, माझा पीळही तिथंच आहे.

आता तू वाचतो आहेसच, तर चार गोष्टी सांगते. आवडल्या नाहीत तर सोडून दे.

घराची उत्तरेची भिंत ओल धरते. आईच्या खोलीत मी आता वाळवलेला ऑक्टोपस टांगते, त्यामुळे त्या खोलीचा वास तुला सहन होणार नाही. गच्चीवरच्या फिरकीशेजारी एका समुद्रपक्ष्यानं घरटं करायचं मनावर घेतलं होतं. दोनदा काढलं, त्यानं तिसऱ्यांदा केलं, तेव्हा मी शिडीवर बसून त्याला शिव्या दिल्या. गुडघा दुखतो. शिडी चढताना कमी, उतरताना जास्त. पण फिरकी स्वच्छ ठेवावी लागते. मीठ बसलं की ती खोटं बोलते.

पान आता मला झेपत नाही. रोज कुणी ना कुणी मरतं, कुणाचं तरी लग्न ठरतं, कुणाची शेळी हरवते, आणि ते सगळं मी लिहायचं. एकसष्ट वर्षांची झाले. थकले आहे, लस्साद. झोपून उठलं तरी जात नाही असा थकवा आहे.

अम शाबान खूश आहे. मला म्हणाला, "बरं झालं खिडकी आली. तुमचं तोंड बघून वारा ओळखायचा म्हणजे रोज वादळच दिसायचं." त्याला हाकलून दिलं.

त्या मंगळवारचं मी कधी कुणाशी बोलत नाही, पण पत्राला तोंड नसतं, म्हणून लिहिते. तुझ्या खिडकीआधी त्याच जागी एक चित्र होतं. परदेशातल्या कुठल्याशा हवामानाच्या संस्थेचं, बाणांचं. मी ते चोरलं नव्हतं. चित्र त्यांच्याच जागेवर असायचं, आपलं पान तिथून आणून दाखवायचं. तू तेव्हा थोरल्या बहिणीलाच शिकवल्यासारखं फोनवर म्हणायचास, "लल्ला, दुसऱ्याच्या चुलीवर आपली भाकरी भाजू नकोस. चूल विझली तर तुला कळायचंही नाही." तसंच झालं. त्या लोकांनी रविवारी चित्र बदलणं थांबवलं आणि मला कुणी कळवलं नाही. मंगळवारी पहाटे आपल्या पानावर रविवारचा वारा होता. शांत. बाबांनी विचारलं, मी बघितलं आणि सांगितलं.

दोष त्या चित्रवाल्यांचा होता. मी तेव्हाही सगळ्यांना हेच सांगितलं आणि आजही हेच सांगते.

पुरे. दिवा लावायची वेळ झाली.

मबारका


करातन
१० डिसेंबर

लस्साद,

तीन दिवस पूर्वेचा वारा आहे. स्फॅक्सची बोट बंद, टपाल बंद, होड्या वाळूवर ओढलेल्या. हे पत्र कधी निघेल ते खिडकीच सांगेल. कॅफेत पुरुष दिवसभर पत्ते खेळतात आणि बायका घरात त्यांच्या नावानं बोटं मोडतात.

तुझं पत्र नाही. जलीलाकडेही काही निरोप नाही.

मागच्या पत्रात मी ताकाला गेले आणि भांडं लपवलं. ते पत्र पेटीत टाकून घरी येईपर्यंतच मला लाज वाटायला लागली होती. आता भांडं काढते.

त्या चित्राच्या खाली एक पट्टी होती. बोटभर रुंदीची, करड्या रंगाची. तिच्यावर त्या संस्थेचं नाव होतं आणि चित्र कुठल्या दिवशी, किती वाजता काढलं ते होतं. ते नाव मला आपल्या पानावर नको होतं. बेटाचं पान, बेटाच्या बाईनं केलेलं, आणि खाली परक्याची पाटी कशाला? म्हणून मी चौकट चित्रापेक्षा थोडी आखूड केली. पट्टी चौकटीबाहेर गेली. दिसायला सुबक झालं. लोक म्हणाले, बाई, वा. नावाबरोबर वेळही गेली हे माझ्या ध्यानात आलं होतं, लस्साद. आलं नव्हतं असं नाही. मला वाटलं, चित्र रोजचं रोज येतंच आहे, वेळ कशाला पाहिजे?

त्या पहाटे बाबा उंबऱ्यावर बसून बूट बांधत होते. खिशात अर्धी जवाची भाकरी. त्यांनी विचारलं, "बारका, आज काय?" मी चुलीपाशी होते. यंत्र उघडं होतं, लांबूनच पाहिलं आणि म्हटलं, "शांत आहे बाबा, जा." आठ वाजता शर्की, पूर्वेचा वारा, सुटली. स्फॅक्सचे लोक मला अजून विचारतात, तुमच्याकडं समुद्र कमरेएवढा, त्यात माणूस बुडतो कसा? त्यांना पाण्याखालचे खोल ओढे माहीत नाहीत. शुक्रवारी बाबा ओढ्यातच सापडले.

बाबांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तू अंगणात सगळ्यांसमोर उभा राहिलास. कुस्कुसची परात मध्ये होती, चाळीस माणसं जेवत होती. तू विचारलंस, "चित्राखालची वेळ कुणी कापली?" पान माझं, यंत्र माझं, दुसरं कोण कापणार होतं? तुला ठाऊक होतं. तरी विचारलंस, आणि लोकांचे हात परातीत थांबले. मी म्हटलं, "यापुढे तुझं पत्र हा उंबरा ओलांडणार नाही. फोनही नाही. बाबांची शपथ." तू म्हणालास, "ठीक आहे, लल्ला." तेवढंच.

मग दोन दिवस तू गच्चीवर ठोकाठोक करत होतास. जेवायला खाली आला नाहीस, मी ताट शिडीवर ठेवत होते आणि तू रिकामं ताट शिडीवर ठेवत होतास. तिसऱ्या दिवशी बोटीनं गेलास. साखरेच्या डब्याखाली कागद सापडला, त्यावर ती एक ओळ, पानात घालायची.

घातली. खिडकी उघडली. वारा आला, वर वेळ आली, ठसठशीत, कुणाला कापता येणार नाही अशा जागी. आणि अगदी खाली एक वाक्य होतं: "वेळ पाहिल्याशिवाय समुद्राबद्दल कुणाला काही सांगू नये."

मी ते एकदाच वाचलं. मला पाठ आहे. रोज पहाटे सगळं गाव ते वाचणार आणि मला वाचणार, असं वाटलं. मग मी तुझ्या ओळीत चौकटीची उंची २६० केली आणि चौकटीतलं पान वर-खाली सरकू नये अशी सोय केली. वारा दिसतो, वाक्य दिसत नाही. हात त्यात तरबेज होताच. त्यानंतर आठ वर्षं मी त्या आकड्याला हात लावलेला नाही.

आता विचारते. यासाठीच तिन्ही पत्रं लिहिली, कुलूप हे निमित्त होतं. तू अजून असं मानतोस का, की बाबांना मी मारलं? हो किंवा नाही. गणिताच्या बाईला एका शब्दाचं उत्तर पुरतं. रीत दाखवायची गरज नाही.

शपथ बाबांच्या नावानं घातली आहे, ती मोडायची कशी मला येत नाही. म्हणून उत्तर जलीलाकडं कळव. ती सांगेल मला.

बारका


करातन
२६ डिसेंबर

लस्साद,

हे पत्र मी वेळ काढण्यासाठी लिहिते आहे. समोर यंत्र उघडं आहे. तुझी ओळ उघडी आहे. त्यात २६० लिहिलेलं आहे. मी अजून हात लावलेला नाही.

सकाळी अम शाबान आला. पहाटेची वेळ नव्हती, चांगला दहा वाजता आला, दाढी केलेली. मला वाटलं कुणी गेलं, पानावर घालायचं असेल. कागद-पेन्सिल घेतली. म्हटलं, "कोण?"

"कुणी नाही. लस्सादचा फोन आला होता."

"कुठं?"

"कॅफेवर. काल. मुनीरनं उचलला, मला बोलावलं." मुनीर म्हणजे कॅफेवाला, तुझ्या वर्गात होता तो. "लस्साद म्हणाला, लल्लाला सांगा, खिडकीची उंची वाढव."

"किती?"

"आकडा नाही सांगितला. खाली आहे ते दिसेल इतकी."

मी म्हटलं, "खाली एक वाक्य आहे. मला पाठ आहे. आठ वर्षांपूर्वीचं."

तो ओट्यावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बाई, कुठलं एक वाक्य? तिथं रोज वेगळं असतं."

मला कळेना. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही वाचत नाही?"

"तुम्ही कुठं वाचता? तुम्हाला वाचता येत नाही."

"मुनीर वाचतो ना. तुमचं पान उघडायला अर्धा चहा संपतो. आधी मयत, मग लग्नं, मग नवरदेवांचे फोटो. आमच्या फोनला झेपत नाही. मुनीरनं खिडकीचाच पत्ता शोधून काढला. आम्ही थेट तिकडंच जातो, पाच वर्षं झाली. गेल्या महिन्यात तुमच्या दाराशी यायचो ते तुम्ही एकदा तरी तोंडानं सांगाल म्हणून. वर वारा, खाली लस्साद."

"काय लिहितो तो?"

"काय लिहिणार? आज पोरीचा दात पडला. आज इथं बर्फ. लल्ला, आईच्या हातचा रस्सा करून बघितला, जमला नाही. लल्ला, भिंतीला चुना लावून घे. या महिन्यात सारखं गुडघ्याचं. शिडी चढू नको, अम शाबानला सांग. मी म्हटलं मुनीरला, मी का? माझे गुडघे काय नवे आहेत?"

मी विचारलं, "आणि पाच वर्षांत कुणाला मला सांगावंसं वाटलं नाही?"

तो चिडला. "आम्हाला वाटलं तुम्ही वाचता आणि उत्तर देत नाही. सख्खी भावंडं, शपथ घातलेली, मध्ये कोण पडणार? तुमचा स्वभाव गावाला ठाऊक आहे. मुनीरची बायको म्हणायची, बाईचं काळीज दगडाचं. मी म्हणायचो, दगड नाही, गणित आहे."

मग विचारलं, "आता काय लिहिलं आहे?"

तो उठला आणि टोपी घातली. "ते माझ्या तोंडून नको. परवापासून आहे. नेहमी दुसऱ्या दिवशी पुसतो, हे पुसलेलं नाही. मुनीरनं एकदा वाचलं, मग कुणी पत्ते पिसले नाहीत." दारात जाऊन पुन्हा वळला. "बाई, वाढवा ती उंची. एक आकडा तर आहे."

एक आकडाच आहे. तो गेल्यापासून तीन तास झाले. मी भांडी घासली, कोरड्या जागी लादी पुसली, तुला हे लिहिलं.

आठ वर्षांत तू लिहिलेलं दुसऱ्या दिवशी पुसलं जात होतं. म्हणजे ते सगळं गेलं. अम शाबानच्या डोक्यात जेवढं राहिलं तेवढंच राहिलं, आणि त्याच्या डोक्याचा भरवसा काय? पोरीचा दात कुठल्या वर्षी पडला तेही त्याला आठवेना. तुला पोरगी आहे हेच मला आज कळलं.

तुझं पत्र उंबरा ओलांडणार नाही म्हटलं होतं. तू उंबरा ओलांडला नाहीस. उंबऱ्याबाहेर बसून राहिलास, आणि मी खिडकी खालून आखूड करून ठेवली होती.

आता करते.

बारका


करातन
२८ डिसेंबर

लस्साद,

४६० केली. वाचलं. चार वेळा वाचलं. तू पुसून टाकशील म्हणून वहीत उतरून घेतलं, आणि ते तुला परत लिहून पाठवते आहे. नीट पोचलं आहे ना, ते तूही बघून घे:

"लल्ला, त्या मंगळवारी पहाटे बाबांनी आधी मला फोन केला होता. तू झोपली होतीस, तुला उठवायचं नव्हतं. म्हणाले, तुझ्या यंत्रात बघून सांग, आज काय. मी रात्रपाळी संपवून नुकताच आडवा झालो होतो. यंत्र उघडलं नाही. शांत असेल बाबा, म्हटलं, आणि बारकाला विचारा म्हणून फोन ठेवला. तू निदान काहीतरी बघून सांगितलंस. मी काहीच न बघता सांगितलं. चाळिसाव्याला तुझ्याकडं बोट केलं ते माझ्याकडं कुणी बघू नये म्हणून. खालचं वाक्य मी माझ्यासाठी लिहिलं होतं. हे जलीलाकडून सांगण्यासारखं नाही, आणि शपथ तुझी आहे, म्हणून इथंच लिहितो. वर वारा आहे, ती जागा लोकांची. मी खालीच बरा. तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही."

पहिल्यांदा राग आला. तो लपवत नाही. आठ वर्षं मी जे एकटीनं उचललं त्यातलं अर्धं तुझं होतं, आणि तू नांतला बसून ते मला उचलू दिलंस. मी बाजारात मान खाली घालून चालले. शाळेच्या निरोपाच्या दिवशी मुलांनी माझं कौतुक केलं तेव्हा मी मनात म्हणत होते, यांना माहीत नाही. त्या वेळी तू काय करत होतास? आईचा रस्सा करून बघत होतास. भेटशील तेव्हा एक थोबाडीत देणार आहे, लक्षात ठेव. वयानं मोठी आहे, तेवढा हक्क आहे माझा.

मग बाबांचाही राग आला. पन्नास वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. त्यांना वारा कळत नव्हता का? एकाला विचारलं, मग दुसरीला विचारलं. आपल्या दोघांकडून 'जा' ऐकायचं होतं म्हणून विचारलं, की त्यांच्याच मनात काही आलं होतं आणि आपल्यापैकी कुणीतरी 'थांबा' म्हणावं असं वाटत होतं, हे आता कुणालाच कळायचं नाही. हे गणित सुटणारं नाही. मी पेन्सिल खाली ठेवली आहे.

काल दुपारी मी जेवले आणि झोपले. संध्याकाळी उठले तर अंग हलकं होतं. ते खोटं कशाला बोलू?

शपथेचं मी इमामांना विचारलं. ते म्हणाले, दहा गरिबांना जेवू घाल, सुटलीस. शुक्रवारी घालते. मग पत्र पाठव, पोरीचा फोटोही पाठव, आणि तिचं नाव सांग. पण खाली लिहिणं बंद करू नकोस. कॅफेला सवय झाली आहे, आणि मुनीरची बायको आता माझं काळीज कशाचं म्हणते ते मला ऐकायचं आहे. चौकट ४६० वर ठेवली आहे. जास्त लिहिलंस तर मी आणखी वाढवीन.

आता आजचं सांगते आणि पाकीट बंद करते.

आज पहाटे मी स्वतःच दार उघडून उंबऱ्यावर उभी राहिले. अम शाबान खांद्यावर दोर टाकून किनाऱ्याकडं निघाला होता. मला बघून थांबला. "काय झालं बाई? खिडकी चालू आहे की. मुनीरनं वाचली आत्ता."

"मुनीरनं काय वाचलं ते मी विचारलं का? इकडं या."

तो आला. मी आत जाऊन यंत्रात आधी वेळ बघितली, मग भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग परत वेळ बघितली. बाहेर येऊन सांगितलं, "पाच वाजून पन्नास मिनिटांचा वारा. वायव्येचा, वेग अकरा. शांत आहे. जा."

आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. अम शाबाननं खांद्यावरचा दोर सारखा केला. मग म्हणाला, "बरं, बाई," आणि गेला.

मी सगळी सकाळ गच्चीवर बसले. गुडघ्याचं बोलू नकोस. तो पक्षी चौथं घरटं करत होता, त्याला करू दिलं. साडेअकराला अम शाबानची होडी टेकली. दाराच्या कडीला दोन ऑक्टोपस अडकवून तो घरी जेवायला गेला.

बारका